तिसरा दिवस

१८६३चा जानेवारी. लुब्लिनकडच्या त्या गावात सगळ्यांच्या तोंडी एकच हिशेब होता, आणि तो मांडला होता हिलारी मास्तरांनी. पोलंड म्हणजे राष्ट्रांमधला ख्रिस्त. तीन शेजारी राजांनी त्याचे तुकडे वाटून घेत त्याला क्रुसावर चढवलं, तो तिसऱ्या दिवशी उठणार. मास्तरांचे वडील १७९४च्या उठावात लढले, तो पहिला दिवस. मास्तर स्वतः १८३०च्या उठावातून पाय अधू करून परतले, तो दुसरा. आता तिसरा उजाडत होता, आणि घरातला एकुलता एक लुत्सियान एकोणीस वर्षांचा होता.

त्याची आई कॉर्दुला, तिचाही यावर विश्वास होता. गुड फ्रायडेला देवळात ख्रिस्ताची कबर सजवताना ती देशासाठीच रडायची.

लुत्सियान उठावात लढायला निघाला त्या सकाळी तिनं त्याला लोकरीचे मोजे दिले. तो हसला. "आई, तिसऱ्या दिवशी उठायचंच आहे, मग मोजे कशाला?"

"उठेपर्यंत पाय गारठतील, शहाण्या."

मास्तर घोडागाडी जोडायला बाहेर गेले, तसा तो हळूच म्हणाला, "तू फक्त 'नको' म्हण. मी थांबतो."

तिला नको म्हणायचं होतं. पण भिंतीवरच्या मरियेच्या तसबिरीकडे तिची नजर गेली आणि तोंडातून निघालं, "जा."

फेब्रुवारीत वालेंती लाकूडतोड्या टोपी हातात घेऊन दाराशी उभा राहिला. पोरांकडे विळे आणि कोयते, समोर बंदुका. रानाच्या कडेला रशियन शिपायांनी बारा जणांना एकाच खड्ड्यात पुरलं होतं. लुत्सियान त्यांतच होता.

मास्तर रडले नाहीत. "देवानंही आपला मुलगा दिलाच ना, कॉर्दुला. आता फक्त वाट पाहायची."

"देवाला तिसऱ्या दिवसाची तारीख ठाऊक होती," ती म्हणाली. "तुमचा नुसता अंदाज होता." मग म्हणाली, "आणि 'जा' तुम्ही नाही म्हणालात, मी म्हणाले."

पुढच्या वर्षी उठाव पार चिरडला गेला. मास्तर मात्र हिशेब सुधारत राहिले, १७९४चा पहिला दिवस धरायलाच नको होता, तिसरा अजून यायचाय म्हणाले आणि १८७१त गेले. वालेंतीनं त्या खड्ड्यावर क्रूस रोवला म्हणून त्याला सैबेरियात धाडलं. तो परतला नाही. देश उठला तो १९१८त, तेव्हा त्या घरात दुसरेच लोक राहत होते.

कॉर्दुला १८९०पर्यंत जगली. ईस्टरच्या सकाळी सारं गाव "तो उठला" म्हणत एकमेकांना भेटायचं, तेव्हा ती दार लावून घ्यायची.