चहाच्या कपातले किरण

सभागृहाच्या दारात चपलांचा खच पडला होता. आत किरणबाबांच्या हातात सुपारीएवढा चकचकीत खडा, त्याला दोन तारा आणि तारांच्या टोकाला काट्याचं मीटर. पहिल्या रांगेत माझी मावशी आणि तिच्या शेजारी मी.

"मुठीत धरा, ताई," बाबा म्हणाले. मावशीने धरला आणि काटा टुणकन उडाला.

"बघा! हॉस्पिटलच्या मशीनने अंगात किरण कोंबलेत. विश्वलहरींनी शोषून घेतो!" बाबा डोळे मिटून पुटपुटले. मिनिटभरात काटा शून्यावर. टाळ्यांचा कडकडाट!

"अकरा वेळा किरण घेतले, आता बास. पाच दिवस हॉस्पिटलात गेले नाही, यापुढेही जाणार नाही," मावशीने मला ठणकावलं. उपचार अर्धवट सोडले तर कॅन्सरची गाठ पुन्हा वाढेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

मी प्रयोगशाळेत थराथरांचे स्फटिक बनवते, एक्स-रे पकडण्यासाठी. किरण पडले की आत विद्युतभार सुटतो, तो मोजायचा. पण या स्फटिकांना एक खोड असते: नुसते तापले तरी वीज सोडतात. ती खोड जिरवण्यात माझी दोन वर्षं गेलीत. बाबांचा खडा कसला होता कोण जाणे, पण त्या काट्याची उडी माझ्या चांगलीच ओळखीची होती.

मी उठले. "बाबा, मीही बघू?"

"या, या!" बाबा खुलले.

मी खडा घेतला आणि टेकवला त्यांच्याच पुढ्यातल्या गरम चहाच्या कपाला. काटा टुणकन उडाला.

"चहानेही किरण घेतलेत का हो?"

सभागृहात हशा पिकला. "चहाला... नजर लागली असेल," बाबा चाचरले.

"मग मंत्र म्हणू नका. नुसतं थांबा."

सगळे मीटरकडे बघत राहिले. काटा आपसूक शून्यावर आला.

"खडा तापत असतो तोवरच काटा हलतो," मी म्हणाले. "कपाएवढा गरम झाला की थांबतो. मुठीतही तेच झालं."

मावशीने हळूच विचारलं, "मग माझ्या अंगातले किरण?"

"मशीन बंद झालं की संपले. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरतो का?"

ती बाबांकडे वळली. "माझे पाच दिवस घालवलेत तुम्ही." मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "उद्या चल माझ्याबरोबर. एकटीला भीती वाटते गं."

भीती कुणालाही वाटते. पण काटा हलला की हात जोडण्याआधी एवढंच विचारा, तो कशाने हलला? आणि कुणाच्याही सांगण्यावरून उपचार सोडू नका.