दवाखान्याची चादर

त्या गल्लीत असं बोललं जायचं, की इस्त्रीवालीच्या हाताखालून गेलेल्या शर्टावर माशी बसली तर घसरून खाली पडते. माशीला विचारायला कोणी गेलं नव्हतं. पण समोरचा न्हावी शपथेवर सांगायचा, की तिने पँटला घातलेल्या घडीवर त्याने एकदा वस्तरा पाजळला होता. न्हाव्याच्या शपथेचं वजन ते किती, हे सोडून देऊ. बाई कामाला वाघ होती, एवढं मात्र खरं.

पुढे दुकान, मागे घर, मधे पडदा. पडद्याअलीकडे रुंद टेबल, त्यावर जुन्या ब्लँकेटच्या घड्या, दोन इस्त्र्या आणि गिऱ्हाइकांची गाठोडी. नवरा सायकलवरून कपडे पोचवायचा. घरात वाद पेटला की त्याला हमखास एखादं पोचवायचं राहिलेलं गाठोडं आठवायचं. सासू दाराशी स्टुलावर बसून बटणं लावायची आणि गोष्टी सांगायची.

तिची एक गोष्ट गल्लीला पाठ होती. मुलगा झाला त्या दिवशी ती म्हणे दुपारी बाळंत झाली आणि संध्याकाळी इस्त्रीला उभी राहिली. दर वर्षी गोष्ट थोडी ताणली जायची. संध्याकाळची तासाभरावर आली, आणि आता तर "इस्त्री तापलेली होती, ती गार होऊ दिली नाही मी!" इथवर मजल गेली होती. गिऱ्हाइकं हसायची. पण त्याच गोष्टीचा चाबूक करून तो घरातल्या बायकांच्या पाठीवर ओढला जायचा, तेव्हा कोणाला हसू येत नसे.

सध्या तो नातीच्या पाठीवर पडत होता. तिला सगळे भिंगरी म्हणत. एका जागी ठरेल तर शपथ. पण पाळी सुरू झाल्यापासून ही भिंगरी दर महिन्याला मोडून पडायची. ओठ पांढरे पडायचे, खाल्लेलं उलटायचं, आणि गुडघे पोटाशी घेऊन ती पडद्यामागच्या थंड फरशीवर पडून राहायची.

त्या दिवशीही सकाळपासून तेच चाललं होतं. बाहेर बायकांच्या दवाखान्यातल्या चादरींचा ढीग टेबलावर पडला होता. दुपारच्या आत द्यायच्या होत्या.

"आई, आज शाळेत नाही जात मी."

"गेल्या महिन्यातही बुडवलीस," इस्त्रीवाली मान वर न करता म्हणाली.

"आतून कोणीतरी पिळून काढतंय गं."

"पिळू दे की!" दारातून सासू म्हणाली. "आपल्याकडे काय, पिळल्याशिवाय कपडा तारेवर जातो का? आमच्या वेळी पोट दुखायला फुरसत होती कोणाला! आत्ताच एवढा गळा काढतेस, मग बाळंतपणात काय गल्ली जमवणारेस?"

भिंगरीने पडदा थोडा सारला. "आई, तुला कधी असं दुखलं होतं का?"

"नाही," इस्त्रीवाली म्हणाली. "ऊठ, गरम पाणी पी."

ती खोटं बोलली. त्या टेबलाची एक कड गुळगुळीत झाली होती. दर महिन्याला ती तिथेच ओटीपोट दाबून उभी राहायची, आणि दात आवळून कॉलरवर इस्त्री फिरवायची. पण या घरात ठरलेलं उत्तर 'नाही' हेच होतं. तिने ते लेकीच्याही हातात ठेवलं आणि ओले कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली.

भिंगरी उठली ती भिंतीला धरून. टेबलावर नुकतीच इस्त्री केलेली चादर होती, अजून उबदार. तिने ती पोटाशी धरली, आणि पीळ जरा सैल झाला. चादर लगेच निवली. मग तिने इस्त्रीकडे पाहिलं. इस्त्रीवाल्याच्या घरात उबेला आणखी काय असतं? तिने इस्त्री चादरीच्या घड्यांत गुंडाळली, वायर ओढत पडद्यामागे नेली आणि कवटाळून पडली. बटण बंद केलं, असं तिला वाटलं होतं.

गच्चीवर जळका वास पोचला तशी इस्त्रीवाली दोन-दोन पायऱ्या टाकत खाली आली. पडदा बाजूला ओढला. करपलेली चादर हिसकावली.

"दवाखान्याची चादर जाळलीस! आता त्यांना काय तोंड दाखवू मी? अगं, कळतं का तुला काही?"

मग इस्त्रीवालीचं लक्ष फ्रॉककडे गेलं. चादरीवर होता तोच तपकिरी, टोकदार डाग तिथेही होता. तिने फ्रॉक वर केला, आणि तिसरा डाग पाहिला. तो कापडावर नव्हता.

"टूथपेस्ट आण गं, टूथपेस्ट लाव!" सासू ओरडत आली. इस्त्रीवालीने पोरीला मोरीत बसवलं आणि पोटावर गार पाण्याची धार सोडली. धार तुटू दिली नाही.

"इतकं भाजेपर्यंत धरून कशाला ठेवलीस गं?"

"भाजलेलं कळलंच नाही, आई," भिंगरी पुटपुटली. "आतलं त्याच्याहून जास्त होतं."

इस्त्रीवालीच्या हातातला तांब्या तिथेच थबकला. मग तिने तो पुन्हा भरला.

"भाजलंय एवढंच दाखवा कुठेतरी," सासू कुजबुजली. "पोटाचं बोलायचं नाही. आणि त्या बायकांच्या दवाखान्यात तर मुळीच नाही. कुमारी पोर त्या पायऱ्या चढताना दिसली, तर उद्या हिला करून कोण घेईल?"

"त्यांच्या चादरी चालतात आपल्याला," इस्त्रीवाली म्हणाली.

"चादरींचं वेगळं."

"त्या चादरींवर कोणाच्या तरी लेकीच झोपतात, आई."

एवढ्यात नवरा आला आणि समोरचा प्रकार पाहून सवयीने मागे वळला. "ते एक गाठोडं राहिलंय..."

"राहू द्या गाठोडं. गाडी बोलवा."

त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा लेकीकडे. मग सायकल तशीच आडवी टाकून तो रस्त्याकडे पळाला.

दुकानाचं शटर भरदिवसा खाली आलेलं पाहून समोरचा न्हावी दारात आला. "काय वहिनी? कोणी गेलं-बिलं की काय?"

इस्त्रीवालीने पोरीला खांद्याशी धरलं होतं. 'ताप आहे' हे शब्द तिच्या जिभेवर तयार होते. तिने ते गिळले.

"पोरीची पाळी आहे," ती मोठ्याने म्हणाली. "सोसवत नाही इतकं दुखतं तिला. बायकांच्या दवाखान्यात नेतेय."

त्याच्या दुकानात अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक फेसासकट थिजलं. गल्लीत अशी शांतता पडली, की शर्टावरून माशी घसरली असती तर तिचाही आवाज आला असता.

डॉक्टरीणबाईंनी आधी भाजलेलं पाहिलं, मलम लावलं. डाग राहील, म्हणाल्या. मग हळूहळू सगळं विचारून घेतलं.

"थोडंफार दुखतं पुष्कळ जणींना," त्या म्हणाल्या. "पण पोरगी फरशीवर लोळते, ओकते, शाळा बुडते, हे सोसायचं दुखणं नाही, तपासायचं आहे. सोनोग्राफी करू. औषध देते, ते काही खाऊन मगच घ्यायचं, आणि कळ वाढेपर्यंत थांबायचं नाही. शेक घ्यायचा तो गरम पाण्याच्या पिशवीचा, टॉवेलात गुंडाळून. एका महिन्यात सगळं थांबेल असं मी सांगणार नाही. पण आपण सोडायचं नाही." मग त्यांनी विचारलं, "घरात आणखी कोणाला असा त्रास?"

भिंगरी आईकडे बघत होती.

"मला," इस्त्रीवाली म्हणाली. "दर महिन्याला."

"मग मघाशी 'नाही' का म्हणालीस?" पोरीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आईला सोसेना. "मला वाटलं, मीच एकटी नाजूक आहे."

तपासणीच्या टेबलावरची चादर इस्त्रीवालीने हाताने सारखी केली, तिनेच इस्त्री केलेली, आणि लेकीला तिच्यावर निजवलं.

परत आले तेव्हा नवऱ्याने अर्धं शटर उघडून ठेवलं होतं. सासू स्टुलावर बसून एका गिऱ्हाइकाला सांगत होती, "मी बाळंत झाले ना, तेव्हा इस्त्री अशी तापलेली..."

इस्त्रीवालीने टेबलावरची गाठोडी खाली उतरवली. ब्लँकेट झटकून पसरलं, उशी ठेवली आणि पोरीला तिथेच, दुकानात, सगळ्यांच्या समोर झोपवलं. कमरेखाली, भाजलेल्या जागेपासून दूर, टॉवेलात गुंडाळलेली पिशवी ठेवली. पडद्यामागे नेलं नाही.

"आणि माझे कपडे?" गिऱ्हाईक म्हणालं.

"उद्या."

सासूची गोष्ट अर्ध्यावरच राहिली. तिने नातीकडे पाहिलं. मग उठून तिने टेबलाच्या कोपऱ्यातल्या इस्त्रीला हात लावला. ती पार गार झाली होती.

न्हाव्याचा वस्तरा आणि ती माशी, पटत नसेल तर खुशाल सोडून द्या. पण तुमच्या घरात पडद्यामागे कोणी पोट धरून पडली असेल, तर तिची गोष्ट मात्र खरी धरा. आधी ती, मग चादर.