फाटकाजवळच्या दोन कमानी

गुडघ्यावर बसून त्याने ओलं बोट काळ्या डागावर घासलं. डाग जागचा हलला नाही.

"काका, बोटाने गेला असता तर मला कशाला बोलावलं असतंत?" मागून मिस्त्री म्हणाला. फाटकापासून पोर्चपर्यंतचे ब्लॉक त्यानेच नुकते बसवले होते. "हे पांढरं दिसतंय ते सिमेंटमधले क्षार. आपोआप जातात. ॲसिड तेवढं ओतू नका, ब्लॉकचा रंग उडेल."

"ते कळलं. पण हे?"

फाटकाच्या आत शेजारी शेजारी दोन काळ्या कमानी उमटल्या होत्या.

"टायरचं रबर. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की चाकं जागच्या जागी घासतात. नव्या ब्लॉकवर लगेच दिसतं. गाडी कोण चालवतं?"

"कोणी नाही. ती बायकोची गाडी. उद्या गिऱ्हाईक येतंय बघायला."

"मग काय भुताने फिरवली?" मिस्त्री हसला, मग त्याच्या तोंडाकडे बघून ओशाळला. "जातील हो. ऊनपाणी लागलं की जातील."

मिस्त्री गेला तरी तो कमानींपाशीच रेंगाळला. बायको अशीच गाडी काढायची. स्वतःला गाडी येत नसताना तो पोर्चमधून ओरडायचा, "अगं, आधी हलव, मग चाक फिरव!" ती काचेतून म्हणायची, "तुम्ही आत जा बरं. तुम्ही बघत असलात की मला फाटक अरुंद दिसतं."

पण ती गेली तेव्हा इथे नुसती माती होती.

कपाटातून किल्ली आणून त्याने गाडीचं दार उघडलं. काम चालू असताना गाडी गॅरेजमध्ये होती; गॅरेजवाल्याने मागे सरकवलेली सीट, गाडी परत आल्यावर, त्याने स्वतः पुढे ओढली होती. बायको बुटकी, पाठीशी उशी घ्यायची. तीही त्याने जागेवर ठेवली होती.

आता सीट मागे होती. पार मागे, लांब पायांच्या माणसासाठी. उशी शेजारच्या सीटवर उभी होती आणि तिला पट्टा लावलेला होता.

काहीही न हलवता त्याने दार लावून घेतलं.

लेकीला घरात चिमणी म्हणत. दहावीतच ती बापापेक्षा उंच झाली, तरी नाव तेच राहिलं. "आईच्या गाडीत मी बसणार नाही, विकून टाका," असं तिनेच सांगितलं होतं. दुपारी तो झोपला की ती घरात एकटीच जागी असे.

संध्याकाळी ती बाहेरून आली आणि खाली वाकून चपला काढत राहिली.

"मिस्त्री काय म्हणाला, बाबा?"

"पांढरं आपोआप जाईल म्हणाला."

"आणि काळं?"

"तेही जाईल. आपल्याला काय घाई आहे?"

तिने मान वर केली. दाराजवळच्या खिळ्याला, आई अडकवायची तिथे, किल्ली होती.

"उद्या ते लोक येणार होते ना?"

"नको म्हणून सांगितलं." त्याने पेपर उघडला. "सकाळी मला बँकेत सोड. बसला फार गर्दी असते."

"बँक तर पलीकडच्या गल्लीत आहे."

"मग लांबून ने."

सकाळी तिने गाडी चालू केली. उशीला मागच्या सीटवर बसवलं.

"बाबा, चला ना."

"फाटकाबाहेर काढ, तिथे बसतो," असं म्हणून तो घरात गेला. चाकं जागच्या जागी घासल्याचा आवाज त्याने आतूनच ऐकला.