ढब्बूची अदलाबदल

मित्रांनो, माझ्या पाठीवरचे झाकण केव्हाच हरवले. सेल घरंगळून पडू नयेत म्हणून तिथे चिकटपट्टी लावली आहे. पडद्याच्या कोपऱ्यात एक लांब ओरखडा आहे आणि आवाजाची चकती फिरवली की मी करकरतो. मी एक जुना, दोन हातांत मावणारा व्हिडिओ गेम आहे. आजच्या मुलांनी मला ओळखले नाही, तर त्यांचा काही दोष नाही. पण तुम्ही थोडा वेळ बसणार असाल, तर माझ्या आयुष्यात काय घडले ते सांगतो.

माझा जन्म एका लांबलचक टेबलावर झाला. डोळ्यांपुढे भिंग धरून बायका माझ्या पोटातल्या बारीक तारा जोडत होत्या. शेवटच्या खुर्चीवरच्या बाईने माझे प्रत्येक बटण दाबून पाहिले, पडद्यावर फुंकर मारली आणि "चालतोय" एवढेच म्हणून मला खोक्यात घातले. माझ्या वाट्याला आलेले ते पहिले कौतुक.

मला विकत घेतले एका ट्रक ड्रायव्हरने. ते माल घेऊन निघाले की बरेच दिवस घरी येत नसत. त्यांची मुलगी मग खिडकीला नाक लावून रस्त्यावरचे दिवे मोजत बसे. सगळे तिला खारू म्हणत, कारण ती कुठेही दोन पाय पोटाशी घेऊन खारीसारखी बसायची. बाबांनी मला तिच्या मांडीवर ठेवले आणि म्हणाले, "मी नसताना याच्याशी खेळ. नुसती वाट बघत बसू नकोस."

माझ्याबरोबर एकच कॅसेट होती. विचित्र प्राणी पकडायचे, पाळायचे, त्यांना वाढवायचे आणि इतरांच्या प्राण्यांशी झुंजवायचे, असा तो खेळ होता. सुरुवातीला एक म्हातारे आजोबा तीन प्राणी पुढे ठेवतात आणि म्हणतात, यातला एक तुझा. एक होता ठिणग्या उडवणारा ससा. दुसरा काचेच्या पंखांचा मासा. तिसरा नुसता चिखलाचा गोळा, त्याला दोन डोळे आणि वर एक गवताची काडी.

खारू कितीतरी वेळ तिघांकडे पाहत राहिली. सशावर जाऊन परत आली, माशावर जाऊन परत आली. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "अगं, घे की कुठला तरी!"

"त्या दोघांना कुणीही घेईल गं," खारू म्हणाली. "याला कोण घेणार?"

तिने चिखलाचा गोळा घेतला. नाव विचारल्यावर एकेक अक्षर शोधून लिहिले: ढब्बू.

मित्रांनो, नवा खेळ सुरू करणाऱ्या मुलीचे हात कसे असतात ते मी तेव्हा अनुभवले. घामाने ओलसर, आणि जरा जास्तच घट्ट. पहिल्याच झुंजीत ढब्बू हरला, तर तिने मला छातीशी धरून पडदा झाकला, जणू त्याला कुणी बघू नये. रानातले प्राणी जाळे टाकून पकडायचे असतात हे तिला आवडले नाही. "आधी विचारायला नको का?" असे ती आईला विचारायची. त्या खेळातल्या गावात विहिरीजवळ एक बाई उभी असे. तिच्याशी बोलले की ती दर वेळी म्हणे, "आज वारा सुटलाय." खारू दर वेळी उत्तर द्यायची, "हो ना, दार लावून घ्या." बाई ते ऐकू शकत नाही हे तिला ठाऊक होते. पण उत्तर न देता पुढे जाणे तिला बरे वाटत नसे.

तिची आई डोळ्यांच्या दवाखान्यात कामाला होती. नंबर काढायला आलेल्यांना भिंतीवरची अक्षरे वाचायला लावायची. ती म्हणायची, "डोळे बिघडव तू. माझ्याच दवाखान्यात येशील, आणि मी तुला मुद्दाम रांगेत सगळ्यात मागे उभी करीन!" म्हणायची, आणि दिवा जवळ सरकवून द्यायची.

हळूहळू ढब्बू तयार झाला. खारूने इतरही प्राणी गोळा केले, पण कुठेही जाताना पुढे ढब्बूच. बाबांचा फोन आला की ती आधी ढब्बूची खबर सांगे, मग शाळेची. माझे ते सुखाचे दिवस होते.

त्याच वर्षी खारूचा मावसभाऊ त्यांच्याकडे राहायला आला. त्याचे कॉलेज इथून जवळ होते. घरात सगळे त्याला दादा म्हणत. दादा खरोखर चांगला होता, हे मी आजही नाकारणार नाही. खारूचे दप्तर उचलायचा, गणिते समजावून द्यायचा, आईला बाजारातून सामान आणून द्यायचा. त्याच्याजवळही माझ्यासारखाच, निळ्या रंगाचा गेम होता. खारूला खेळताना पाहून त्याने कपाळावर हात मारला.

"तू प्रत्येकाशी गप्पा काय मारतेस? बटण दाबत राहायचं आणि पुढे जायचं!"

"पण ते काहीतरी सांगतायत ना."

"काही नाही सांगत गं. सगळ्यांची तीच तीच वाक्यं असतात."

त्याने तिला कोणत्या प्राण्यापुढे कोणता टिकतो ते शिकवले. ढब्बूला पाण्यापासून जपायचे, आगीपुढे खुशाल सोडायचे. दोघे पलंगावर पालथे पडून खेळत. दादा म्हणेल ती पूर्व दिशा, असे तिचे झाले होते. आणि खरे सांगू? मलाही तो आवडायचा. त्याच्या बोटांना माझ्या बटणांची जाण होती.

एके दिवशी दादाने एक काळी वायर आणली. तिचे एक टोक माझ्यात खोचले, दुसरे निळ्या गेममध्ये.

"खारू, ढब्बू याच्यापुढे मोठा होणार नाही, माहितीये? चिखलाच्या प्राण्याचं असंच असतं. तो एकदा दुसऱ्याकडे गेला, की मगच त्याचं रूप बदलतं. मला दे, लगेच परत देतो."

"नक्की?"

"अगं, मी कुठे पळून चाललोय? इथेच तर राहतो."

खेळाचा तो नियम खराच होता. खारूने बटण दाबले. माझ्या पडद्यावर ढब्बू एकटा उभा राहिला आणि खाली अक्षरे उमटली, 'ढब्बू निघाला.' खारूने पडद्याला हात हलवून टाटा केला. मग तो वायरीतून गेला. तो जाताना मला काय वाटले ते सांगता येत नाही. एवढेच सांगतो, की माझ्या पोटात त्याची जी जागा होती तिथे दादाने पाठवलेला एक भुंगा येऊन बसला. कुठल्याही झुडपात सापडावा तसला. "तोवर हा ठेव," दादा म्हणाला.

निळ्या पडद्यावर ढब्बू थरथरला, फुगला, उंच झाला. पाहता पाहता त्याचा डोंगर झाला आणि डोक्यावरच्या काडीचे झाड. खारू पलंगावर उभी राहून टाळ्या वाजवू लागली. "आई, ये ना! ढब्बू बघ!" मग तिने हात पुढे केला. "आता दे."

"थांब गं, जरा खेळू दे."

संध्याकाळी म्हणाला, उद्या. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "रविवारी गेमच्या दुकानात स्पर्धा आहे. तेवढी होऊ दे. तू पण चल बघायला."

ती गेली. मला कोटाच्या खिशात घेऊन गेली, कारण स्पर्धा संपताच दुकानातच ढब्बूला परत घ्यायचा तिचा बेत होता. काळी वायरही तिने सोबत घेतली होती. खिशातून मला दिसत काही नव्हते, फक्त ऐकू येत होते. पोरांचा गलका, मोठ्या टीव्हीतून येणारे दणके, आणि दर दणक्याला खारूचा श्वास. मग आरडाओरडा झाला. दादा जिंकला होता.

"वा!" दुकानदार काका म्हणाले. "आणि नाव काय भारी आहे, ढब्बू! कुणी ठेवलं रे?"

"मीच," दादा म्हणाला. "पहिल्यापासून माझ्याकडेच आहे."

खिशात खारूचा हात माझ्यावर होता. तो एकदम गार पडला. मित्रांनो, कारखान्यात, दुकानात, घरात मी बरेच हात पाहिले. पण त्या हातासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही.

बाहेर दादा मित्रांच्या घोळक्यात होता. खारू एकटीच घरी आली. रात्रीच्या जेवणाला तिने विचारले, "ढब्बू दे आता."

दादा ताटाकडे पाहत म्हणाला, "तो मी दिला. दुसरा नंबर आला ना, त्या मुलाला, त्याच्याच वायरीने. अगं, पण बदल्यात काय मिळालंय बघ तरी! सोन्याच्या पंखांचा पक्षी! तो कुणाकडेच नाहीये!"

"पण तो माझा होता."

"दुसरा पकड ना. तसले शंभर मिळतात त्यात."

"तसले मिळतील. तो नाही मिळणार."

"जेवा गुपचूप दोघं," आई म्हणाली. "खेळण्यावरून काय भांडता?"

खारू जेवली नाही. पुढचे दोन दिवस ती कुणाशी धड बोललीही नाही. तेव्हा आईने मला हातात घेतले आणि तिच्याशेजारी बसली. "दाखव बघू मला, काय असतं यात." खारूने दाखवले. आई नंबर तपासावा तशी डोळे बारीक करून पाहत होती. भुंगा दिसला तेव्हा तिने विचारले, "हा कोण?"

"ढब्बूच्या बदल्यात."

आईने मला खाली ठेवले. मग उठली आणि दादाला म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जा. त्या मुलाला शोध आणि हिचा ढब्बू परत आण. तुझा तो सोन्याचा पक्षी त्याला देऊन टाक."

बाहेर चांगला पाऊस लागला होता. दादा छत्री घेऊन गेला. दुकानापर्यंत जाऊन यायला जितका वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात परत आला. "तो मुलगा इथून गेला म्हणे, दुसऱ्या गावाला. आता नाही मिळायचा." असे म्हणून त्याने छत्री दाराशी उभी केली.

छत्री कोरडी होती. जिन्याखाली उभा राहून तो परत आला होता.

ते आईने पाहिले. खारूनेही पाहिले. खारूने आईकडे तोंड वर केले आणि वाट पाहू लागली. आता आई बोलेल, असे मलाही वाटले. आईने ओठ उघडले, दादाकडे पाहिले. तिच्या बहिणीचा मुलगा होता तो, परक्या घरी राहणारा.

"हातपाय धुऊन घ्या," आई म्हणाली. "वाढते मी."

त्या रात्री खारूने माझे सेल काढले. कॅसेट आतच राहिली. तिने मला एका डब्यात घातले आणि डबा माळ्यावर टाकला. मित्रांनो, मी तिला फसवले नव्हते. मी माझे काम केले होते. वायर जोडली तर पाठवायचे आणि येईल ते घ्यायचे, एवढेच मला येते. तरी शिक्षा मला झाली. सुरुवातीला मला तिचा फार राग आला. पुढे धूळ बसत गेली आणि रागाच्या जागी नुसता कंटाळा उरला. खालून आवाज यायचे. बाबा आल्याचा, बाबा गेल्याचा. दादा कॉलेज संपवून गेला तेव्हा पेढीवर नोकरी लागल्याचे सगळे कौतुक करत होते. खारू त्याला निरोप द्यायला दारापर्यंत गेली होती का, ते मला वरून कळले नाही.

बरीच वर्षे गेली. घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, तेव्हा मी बाहेर आलो. खारू मोठी झाली होती. ती आता लिफ्ट दुरुस्त करते. तिच्या पिशवीत नाना तऱ्हेचे स्क्रू ड्रायव्हर असतात. एका सुट्टीच्या दिवशी तिने मला टेबलावर घेतले, उघडले, गंजलेली टोके कापसाने पुसली, नवे सेल घातले आणि चिकटपट्टी लावली. मी उजळलो. पण कॅसेटच्या आतला, खेळ जपून ठेवणारा छोटा सेल कधीच मेला होता. खारूचे नाव, तिने पकडलेले सगळे प्राणी, तो भुंगासुद्धा, काहीच उरले नव्हते.

नेमका त्याच दिवशी दादा भेटायला आला. पोट सुटलेला, हसतमुख, हातात आईसाठी फळांची पिशवी. मला पाहताच त्याने आनंदाने हात पुढे केला.

"अरे! हे अजून आहे? काय दिवस होते खारू! पलंगावर पडून किती खेळायचो आपण!"

खारूने मला त्याच्या हाती दिले नाही. शांतपणे विचारले, "ढब्बू आठवतो का, दादा?"

"कोण ढब्बू?"

तो सोंग करत नव्हता. मी त्याचा चेहरा जवळून पाहिला. त्याला खरेच आठवत नव्हते. त्याने कपाळाला आठ्या घालून प्रयत्न केला, मग हसून म्हणाला, "मांजर होतं का तुमच्याकडे?"

"नाही," खारू म्हणाली. "बस. चहा टाकते."

स्वयंपाकघरात आई ओट्याशी उभी होती. तिने सगळे ऐकले होते. मी खारूच्या हातातच होतो, म्हणून पुढचे मला ऐकू आले.

"मला त्याच दिवशी कळलं होतं गं," आई हळूच म्हणाली. "तो गेलाच नव्हता. बोलायला हवं होतं मी."

"तुला कळलं होतं, हे मला माहीत होतं, आई."

"मग इतक्या वर्षांत बोलली का नाहीस?"

खारूने गॅस पेटवला. "तू बोलशील म्हणून थांबले होते," ती म्हणाली.

मित्रांनो, माझ्यासारखी यंत्रे जपा, सेल काढून ठेवा, धूळ पुसा, हे सांगायलाच मी सुरुवात केली होती. पण ते तुम्हाला कुणीही सांगेल. माझी विनंती निराळी आहे. कुणी तुमच्यावर भरवसा ठेवून आपली आवडती गोष्ट तुमच्या हाती दिली, तर ती तुम्हाला कितीही क्षुल्लक वाटो, परत द्या. आणि एखादे लहान मूल आपल्यावर अन्याय झाला म्हणून तुमच्या तोंडाकडे पाहत उभे असेल, तर ताट वाढायच्या आधी त्याच्या बाजूने एक शब्द बोला. ते मूल तो शब्द ऐकण्यासाठी फार वर्षे थांबू शकते.