रिकामी कणगी

फ्रीजमधून बर्फाचा ट्रे काढल्याचा आवाज आला, की ईशा खोलीतूनच ओरडायची, "आजी, नॉट अगेन!"

अल थुमामातल्या त्या घरात पुष्पावतीबाईंचं कडाकडा बर्फ चावणं हा चेष्टेचा विषय झाला होता. बाहेर दोह्याचं ऊन. नवल कुणालाच वाटत नव्हतं. त्यांना स्वतःला मात्र आई आठवायची. चुलीची भाजकी माती चोरून खाणारी, सगळ्यांची पानं उठल्यावर भाताची खरवड खरवडणारी, चुन्यासारखी पांढरी पडत गेलेली. "अशक्तपणा आहे," असं सगळे म्हणत राहिले आणि एका श्रावणात ती गेली.

सून मधुरा ऑफिसातून आली ती मोबाइलवर रिपोर्ट उघडूनच.

"आई, हिमोग्लोबिन बारा आहे, छान! पण फेरिटिन सहाच."

"म्हणजे पास की नापास?"

"रक्तात लोह आहे हो. पण शरीर थोडं साठवूनही ठेवतं ना, तो साठा फेरिटिनवरून कळतो. तोच संपलाय. सारखा बर्फ चावावासा वाटतो, तो त्यामुळेच."

"डब्यात पीठ आहे आणि कणगी रिकामी. असंच ना?"

"अगदी!" मधुरा हसली, मग थांबली. "पण वटपौर्णिमेपासून गोळ्या घेताय. कणगीत घातलेलं जातंय कुठे? डॉक्टर विचारत होते, या वयात आतून रक्त जात नाही ना? रक्त गेलं की शौचाला काळी होते. तशी होते का?"

पुष्पावतीबाईंनी पदर सारखा केला. सुनेशी असलं बोलायचं!

"होते की. लोहाच्या गोळ्यांनी होतेच म्हणे."

"हो, होते. मग ठीक." मधुराचा जीव भांड्यात पडला. "इन्शाल्ला, पुढच्या महिन्यात परत टेस्ट करू." ती कुकर लावायला वळली.

विषय तिथेच खलास झाला असता. पण गोळ्या सुरू झाल्या वटपौर्णिमेला, आणि ते काळं त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं गुढीपाडव्याला. सणासुदीचं कुठे सांगायचं, म्हणून त्या गप्प बसल्या. पुढे गोळ्यांचं निमित्त आयतंच मिळालं.

त्यांच्या आईला कुणी काही विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तरी तिने सांगितलं नसतं.

"मधुरा, गॅस बंद कर जरा."

"का हो आई?"

"गोळ्यांच्या आधीपासून होतेय गं. पाडव्यापासून."

मधुराने गॅस बंद केला. एका हाताने तिने डॉक्टरांचा नंबर लावला, दुसऱ्या हातात सासूचा गार, पांढुरका हात घट्ट धरला. फोन वाजत राहिला. ओट्यावर वाटीतल्या बर्फाचं पाणी झालं होतं.