पिशवीवरचा आकडा

"परतीचं तिकीट शुक्रवारचं काढू की रविवारचं?" तिकिटांचं बघणाऱ्या बाईनं फोनवर सहज विचारलं. "रविवारचं स्वस्त पडतंय, म्हणून साहेबांची ना नाही. मधले दोन दिवस तुझे. राहायचं-खायचं तुझं तू बघायचं. ओस्वाल्दो तर थांबतोय म्हणाला."

यानिना त्या वेळी प्रयोगशाळेत होती. आर्जेन्टिनातल्या राफाएला गावच्या चीज कारखान्यात येणारा दुधाचा प्रत्येक टँकर आधी तिच्या हाताखालून जायचा. त्या सकाळीच तिनं एका म्हाताऱ्या गोठेवाल्याचं दूध परत पाठवलं होतं. चार टक्के पाणी निघालं. तो टोपी हातात घेऊन सांगत राहिला, मुलगा आजारी होता, नळी धुताना पाणी राहिलं असेल. ती म्हणाली होती, "मला कारणं नका सांगू दॉन बाउदिलियो. आकडा बघा."

"उद्या सांगते," ती फोनवर म्हणाली.

कारखान्यानं इटलीत एक नवं यंत्र करायला दिलं होतं. ते जहाजावर चढायच्या आधी तिथं जाऊन चालवून बघायचं, सही करायची, एवढंच काम. प्रयोगशाळेतर्फे यानिना आणि फिटर ओस्वाल्दो. परतीचं शुक्रवारचं काढलं तर रविवारी निघून शनिवारी घरी, म्हणजे सहा दिवस. हुआना नऊ महिन्यांची होती आणि अंगावर पीत होती. डब्यातल्या दुधाच्या पावडरीचं नाव यानिना घरात काढू देत नसे. त्या डब्यात काय काय असतं ते आपण शिकलोय, असं ती सासूला दोनदा ऐकवून बसली होती. त्यामुळे गेले काही दिवस ती पंपानं दूध काढून फ्रीजरमध्ये साठवत होती. दिवसाला चार पिशव्या, पिशवीत दीडशे मिलीलिटर, सहा दिवसांच्या चोवीस. हिशेब चोख होता. निघेपर्यंत चोवीस जेमतेम होणार होत्या, त्याच्यावर एकही नाही.

आठ दिवसांना बत्तीस लागणार होत्या.

तिला त्या दोन दिवसांत इटलीतल्याच राव्हेन्ना गावाला जायचं होतं. तिची आई क्लेलिया शाळेत चित्रकला शिकवायची. फुटलेल्या फरशा, कपांचे कान, बाटल्यांच्या काचा पोरांकडून गोळा करून घ्यायची आणि शाळेच्या भिंतींवर चिकटवून चित्रं करायची. कपाटाच्या दाराला आतून तिनं मासिकातलं एक पान लावलं होतं. राव्हेन्नातल्या एका जुन्या समाधीचं छत, गर्द निळं, त्यावर सोन्याच्या चांदण्या, सगळं बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यांचं. आई कधी आर्जेन्टिनाच्या बाहेर गेली नाही. शेवटच्या आजारपणात म्हणाली होती, "तू गेलीस तर बघ. आणि मला बरं वाटावं म्हणून काहीतरी सांगू नकोस. खरंच एवढं निळं आहे का, ते सांग." हुआना तिनं पाहिली नाही.

हे सगळं घरी सांगता आलं असतं. पण यानिनाच्या डोळ्यांपुढे सासूचा, नेलिदाचा चेहरा यायचा. शेजारपाजारच्या बायका यायच्या. नऊ महिन्यांचं लेकरू टाकून फिरायला गेली म्हणे. आणि वरचं दूध नको म्हणून आपणच केवढी ऐट मिरवलेली! आता कुठल्या तोंडानं सांगायचं, की शेवटचे दोन दिवस डबा आणा?

त्या संध्याकाळी तिनं पिशवीत एकशे दहा ओतलं आणि वर पेनानं लिहिलं, दीडशे. तारीख लिहिली. पिशवी आडवी टाकून गोठवली. गोठल्यावर सगळ्या पिशव्या सारख्याच दिसतात. आधी भरलेल्या थोड्या होत्या, त्या तिनं स्वतःच एकेक करून पाजून संपवल्या आणि त्यांच्या जागी नव्या भरल्या.

"आठ दिवसांचं आहे," निघताना तिनं फ्रीजरचं दार उघडून नवऱ्याला दाखवलं. "रविवारचं तिकीट मिळालं. दोन दिवस जास्त."

"बघ आई, काडीसारखी बाई आणि बत्तीस पिशव्या!" दामियान हसला. "कारखान्याला कळलं तर गाई विकून हिलाच बांधतील गोठ्यात."

"गप रे," नेलिदा म्हणाली. तिनं फ्रीजरमध्ये वाकून पाहिलं, मग यानिनाकडे पाहिलं, आणि दार लावून टाकलं.

इटलीतले कामाचे दिवस पटकन गेले. कारखाना, जेवण, पुन्हा कारखाना. दर चार तासांनी यानिना पंप घेऊन कपडे बदलायच्या खोलीत जायची, दूध काढायची आणि मोरीत ओतायची. आटू द्यायचं नव्हतं. नुसतं आठ दिवस चालू ठेवायचं, मग घरी जाऊन पोर छातीशी लावायचं. ओस्वाल्दो दाराबाहेर राखणीला उभा राहायचा आणि तिथल्या कामगारांना आपल्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये सांगायचा, आत बाई फार महत्त्वाचा फोन करतेय.

बुधवारी दामियानचा फोन आला.

"आवाज असा का तुझा?" तिनं विचारलं.

"झोप नाही. पोरगी दोन दिवस पहाटे उठून रडतेय. बाटली संपली तरी तोंड सोडत नाही. आई म्हणते दात येतायत."

यानिना यंत्राशेजारी उभी होती. काचेच्या आत पाचशे लिटर दूध संथ फिरत होतं. दात नाहीत, हे तिला ऐकताक्षणी कळलं. चाळीस कमी, चार वेळा. पोराच्या पोटात रोज एका बाटलीहून जास्त खड्डा. एक वाक्य बोलायचं होतं. एका वेळी दीड पिशवी दे. म्हणजे शनिवारी पिशव्या संपल्या असत्या, दामियाननं मोजलं असतं, आणि मग विचारलं असतं.

"ऐकू येतंय ना, काडी?"

"हो," ती म्हणाली. "दातच असतील. हिरड्यांना गार चमचा लाव."

फोन ठेवल्यावर तिनं स्वतःला समजावलं. भोपळा खाते, केळं खाते, उपाशी नाहीये. नऊ महिन्यांच्या पोराला एवढंसं कमी पडलं म्हणून काय होतं! दॉन बाउदिलियोचा चेहरा आठवला तो तिनं बाजूला सारला. शुक्रवारी संध्याकाळी पुन्हा फोन केला, तेव्हा दामियान खुशीत होता. "झोपली एकदाची! रात्रभर हूं की चूं नाही. तू आता निवांत फीर." यानिनाला एवढं हलकं वाटलं, की फोन ठेवल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन रडली. सवय झाली असेल, ती मनाशी म्हणाली. पोरं लवकर शिकतात.

ओस्वाल्दो चुलतभावांना भेटायला तोरिनोला गेला आणि ती शनिवारी सकाळी एकटीच राव्हेन्नाला उतरली. मेचं ऊन होतं. नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिच्या हाती काम नव्हतं की खांद्यावर कुणी नव्हतं, आणि ती चालताना उगाच डावीकडे झुकत होती.

समाधी बाहेरून अगदी साधी निघाली, विटांची, बुटकी, एखाद्या शेतातल्या कोठारासारखी. आत ठरावीक माणसंच सोडत. दारातल्या मुलीनं तिकीट पाहून हाताची पाचही बोटं दाखवली. "पाच मिनिटं. मग पुढची तुकडी."

"पाचच?"

"लोकांच्या श्वासानं ओल धरते, बाई."

यानिना आत शिरली. आत अंधार होता. खिडक्यांना काचेऐवजी दगडाचे पातळ पत्रे, त्यातून मधासारखा उजेड येत होता. तिनं मान वर केली. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, हे तिला ठाऊक होतं, म्हणून ती थांबली. एक मिनिट गेलं असेल. हळूहळू एकेक चांदणी उमटायला लागली.

तेवढ्यात तिच्या मागं कुणाचं तरी तान्हं रडलं.

भुकेचं रडणं होतं. तिनं ते कुठंही ओळखलं असतं. मान वरच होती तिची, पण छाती भरून आली आणि पान्हा फुटला. काही कळायच्या आत ब्लाउज ओला झाला, धार पोटापर्यंत गेली. तिनं पर्स छातीशी धरली, पाठ फिरवली, भिंतीकडे तोंड केलं. तान्ह्याची आई त्याला शू शू करत होती, मग तिनं त्याला अंगावर घेतलं असावं, कारण ते एकदम गप्प झालं. घुटके ऐकू येत होते. दगडी घुमटाखाली ते घुटके फार मोठे वाटत होते.

"चला, वेळ झाली," दारातून आवाज आला.

बाहेर उन्हात आल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण छत पाहिलंच नाही. चांदण्या पाहिल्या, चार-पाच. निळं पाहिलं का? ती पुन्हा दारातल्या मुलीकडे गेली.

"आजची सगळी तिकिटं गेली, बाई. उद्याचीही."

उरलेला दिवस ती विमान कंपनीच्या फोनवर होती. आजचं मिळेल का, कसंही मिळेल का? मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी विमानात बसेपर्यंत तिनं त्या गावात आणखी काही पाहिलं नाही. दुकानातून हुआनासाठी एक कापडी मासा घेतला, निळा, आणि घेतल्यावर तो तिला आवडेनासा झाला.

सोमवारी संध्याकाळी ती घरी पोचली. दामियाननं बस-स्टँडवरून आणलं. हुआना स्वयंपाकघरात नेलिदाच्या कडेवर होती. यानिनाला बघून तिनं क्षणभर कपाळाला आठी घातली, मग दोन्ही हात पसरले. यानिनानं तिला ओढूनच घेतलं, बॅगसुद्धा दारातच राहिली, आणि खुर्चीत बसून तिला अंगावर घेतलं.

हुआनानं तोंड लावलं. दोनदा ओढलं. मग तोंड काढून आईकडे पाहिलं, तिच्या छातीवर थापटी मारली, हसली, आणि मान वळवून ओट्यावरच्या बाटलीकडे हात केला.

"दमली असेल," दामियान म्हणाला. "उद्या पिईल."

"हो," यानिना म्हणाली. पुन्हा लावलं. हुआना पाठीची कमान करून रडायला लागली, तेव्हा नेलिदानं तिला उचलून घेतलं. बाटली तिच्या तोंडात गेली आणि रडणं थांबलं. बाटलीतलं दूध पिवळट होतं, जरा घट्ट. यानिनाला हात लावून बघायची गरज नव्हती. दुधाचं ती बघूनच सांगत असे.

दामियान बॅगा आणायला गेला. नेलिदानं 'माते'च्या कडू चहासाठी ठेवलेल्या पाण्याखालचा गॅस बंद केला. किटलीचा आवाज थांबला.

"गुरुवारपासून डबा देतेय," ती म्हणाली. "पोर भुकेली होती, पोरी. मी चार वाढवलीत. दात कुठले आणि भूक कुठली, मला कळतं."

यानिना ब्लाउजची बटणं लावायला लागली.

"आधी वाटलं पिशव्या गळतायत. मग एक वितळवून मापात ओतली. माझं केकचं माप. मग दुसरी ओतली." नेलिदानं हुआनाची हनुवटी पुसली. "एकशे दहा. दोन्ही."

"दामियानला—"

"त्याला काय सांगायचंय? त्याला वाटतं पिशव्याच चालल्यात."

"नेलिदा, मला आईचं छत बघायचं होतं. राव्हेन्नाचं. तुम्हाला माहितीय ना, ते कपाटातलं..."

"माहितीय." सासूचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "क्लेलियानं मलाही दाखवलं होतं ते पान, तुमचं लग्न ठरलं तेव्हा. अगं, तू म्हणाली असतीस ना, की मला दोन दिवस हवेत, डबा आणून ठेवा, तर मीच तुला हाकललं असतं. मी काय वाघीण आहे का? आधीपासून थोडं थोडं पाजून सवय केली असती. अशी एका दिवसात तुटली नसती ती."

यानिनानं तोंडावर हात धरला.

"सांग तरी," नेलिदा म्हणाली. "होतं का तेवढं निळं?"

यानिनानं आठवून पाहिलं. अंधार आठवला, मधासारखा उजेड आठवला, घुटके आठवले.

"माहीत नाही," ती म्हणाली.

त्या आठवड्यात तिनं सगळं करून पाहिलं. आंघोळीच्या टबात, झोपेत असताना, बाटली लपवून, उपाशी ठेवून. उपाशी ठेवणं अर्ध्या तासाच्या पुढं तिलाच जमेना. हुआनाला अंगावरचं आता खेळणं झालं होतं. ती थापट्या मारायची, बोट खुपसायची, खुदकन हसायची आणि बाटली मागायची. दाताच्या जागी खरोखरच एक पांढरा ठिपका दिसायला लागला होता.

शनिवारी दुपारी यानिनानं फ्रीजर उघडला. सतरा पिशव्या शिल्लक होत्या. प्रत्येकीवर तिचंच गोल, नीटनेटकं अक्षर, दीडशे, दीडशे. बाटलीत घालून दिलं तर हुआना थोडं प्यायची आणि बाकीचं थुंकायची. तिनं पिशव्या एकेक करून कोमट पाण्यात सोडल्या, कापल्या आणि मोरीत ओतल्या. दाराआडून दामियाननं विचारलं, "काय करतेयस?" ती म्हणाली, "जुनं झालं होतं."

छाती अजून जड व्हायची, पण रोज थोडी कमी. त्या दिवशी सगळं धुऊन झाल्यावर ती खिडकीपाशी बसली आणि पंप लावला. नेलिदा अंगणात हुआनाला घेऊन कोंबड्यांना दाणे टाकत होती. पंपाचा आवाज येत होता, आणि बाहेरून पोरीचं हसणं. पाव तासानं तिनं बाटली उजेडात धरली. मग ड्रॉवरमधून एक नवी पिशवी काढली, दूध ओतलं, तोंड दाबून बंद केलं. पेनाचं टोपण काढून ती जरा वेळ तशीच बसली.

मग तिनं तारीख लिहिली, आणि खाली लिहिलं, चाळीस.

पिशवी आडवी करून तिनं ती रिकाम्या फ्रीजरमध्ये ठेवली.