तिसरा ताणा

घमेल्यातल्या खळीवर जाड साय धरली होती. एक मुंगी त्या सायीवरून आरामात पलीकडे गेली. प्रियदर्शनीने वाकून पाहिलं. खळीची पातळी जिथे होती तिथेच होती. दोन दिवसांत बोटभरही कमी नाही, जिभेची एकही खूण नाही.

मग ती अंगणात ताणलेल्या ताण्याकडे वळली. काळ्या लोकरीच्या त्या उभ्या धाग्यांना तिने परवा हीच चिंचोक्याची खळ चोपडली होती. मधला हातभर पट्टा चाटून चाटून मऊ पडला होता. खळीशिवाय धागा मागावर टिकत नाही. तिने एक धागा ओढून बघितला. तुटला.

"कावळं बसलं असतील," भिंतीशी रवंथ करत बसलेला भिमा म्हणाला.

भिमा तिचा थोरला भाऊ. दोन वर्षांपूर्वी मैंदर्गीच्या बाजारात एका म्हातारीने टेकायला घोंगडी मागितली, तेव्हा त्याने आणि धाकट्या बिरुदेवाने तिला उन्हात तापलेला दगड दाखवला होता. दिवस मावळायच्या आत दोघांचे मेंढे झाले. उ:शापही म्हातारीनेच सांगितला. दोघांच्या लोकरीच्या दोन घोंगड्या बहिणीने हाताने विणायच्या, आणि दोन्ही पुऱ्या होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. एक जरी निघाला, तर मेंढे ते मेंढेच. भावांची वाचा मात्र तिने शाबूत ठेवली. प्रियदर्शनीच्या मते शापातली खरी चूक ती होती.

पहिली घोंगडी चार महिन्यांत झाली. दुसरीचा ताणा आज तिसऱ्यांदा वाया गेला. दर खेपेला नवी लोकर वाढायला सहा महिने लागत. तेवढ्यात भिंतीपलीकडच्या कारखान्यातून चादरींचे किती ट्रक अक्कलकोट रोडला लागले, ते मोजणं तिने सोडून दिलं होतं.

मागच्या खेपेला भिमाने शपथेवर सांगितलं होतं. "मेंढराची जीभ हाय गं. खळीचा वास आला की ऱ्हावत न्हाय." म्हणून या वेळी तिने एकाच पातेल्यातली खळ दोन्हीकडे वापरली. अर्धी ताण्याला लावली, अर्धी घमेल्यात घालून दोघांच्या नाकासमोर ठेवली.

तिने घमेलं फरफटत भिमासमोर आणलं. त्याच्याकडे बोट केलं, मग ताण्याकडे.

"ती शिळी हाय," भिमा म्हणाला.

तिने डोळे मिटले आणि उघडले.

"दादा, आता सांग की," बिरुदेव पुटपुटला.

"गप ए, बोकडा!"

"बोकूड कुटला, मेंढा हाय मी." बिरुदेवाने मान खाली घातली. "आक्का, मानूस झालो की परत बारा तास लूमवर उभं ऱ्हायाचं. हितं बसून पेंड मिळती. दादा म्हनला, घोंगडी पुरी हूच द्यायची न्हाय."

त्यांची आई मायाक्का दारात उभी होती. टॉवेलच्या घड्या घालून ती नुकतीच कारखान्यातून आली होती, डबा अजून हातातच होता. ती चकित झाली नाही. प्रियदर्शनीने तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिने नजर डब्याकडे वळवली.

"मला ठावं हाय," मायाक्का म्हणाली. "पर असू दे गं. पीत न्हाईत, भांडत न्हाईत, डोळ्यांसमोर हाईत. पुढच्या लोकरीला जरा जपून खळ लाव. तू हायस की करायला."

प्रियदर्शनीने खिडकीतला लिफाफा उचलला. प्रयोगशाळा तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम, उद्या सकाळी अकरा, तोंडी मुलाखत. गेल्या वर्षीही ती गेली होती. खुर्चीत बसली, तीनही प्रश्नांची उत्तरं येत असून नुसती मान हलवली आणि परत आली.

"ते फुडल्या वर्षी बघू," आई म्हणाली.

"आन ही गेली तर पेंड कोन घालनार?" भिमा म्हणाला.

प्रियदर्शनीने घसा खाकरला. भिमाचा जबडा मधेच थांबला.

"थांब गं! तोंड उघडू नगं!" तो धडपडत उठला.

पहिला आवाज नुसताच घरघरला. मग तिने शब्द एकेक करून, नीट, बाहेर काढले.

"आई, उद्या मी मुलाखतीला जाणार. आणि सगळ्या प्रश्नांची उत्तरं देणार."